गर्भाशयातील प्रत्येक गाठ फायब्रॉइड नसते

सोनोग्राफीच्या अहवालात ‘गर्भाशयात गाठ’ असे लिहून आले की आपल्याकडे दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर सगळ्यांचा धीर सुटतो, कर्करोगाचा संशय येतो आणि रडारड सुरू होते. नाही तर एखादी खाला किंवा शेजारीण म्हणते, “अगं, मलाही होती, माझ्या सुनेलाही आहे, काही होत नाही,” आणि तो कागद कपाटात कपड्यांखाली जाऊन पडतो. या दोन्ही गोष्टी नुकसानीच्या आहेत. पहिलीत घाईने गर्भपिशवी काढली जाते, दुसरीत वर्षानुवर्षे रक्त जात राहते.

गर्भाशयातील बहुतेक गाठी फायब्रॉइडच्या असतात. फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूतून वाढलेली साधी, म्हणजे कर्करोग नसलेली गाठ. पन्नाशीपर्यंत निम्म्याहून अधिक स्त्रियांत ती लहान-मोठ्या रूपात असते आणि पुष्कळजणींना तिचा पत्ताही लागत नाही. फायब्रॉइडविषयी बरेच लिहिले-बोलले जाते. मात्र याच जागी, जवळजवळ याच रूपात, काही दुर्मीळ गाठीही सापडतात. त्याही साध्याच असतात. पण कोणी हुबेहूब फायब्रॉइडसारखी दिसते, कोणी कर्करोगाचा भास निर्माण करते, तर कोणी साधी असूनही शरीरात दूरवर जाऊन बसते. त्यांची ओळख नीट झाली नाही तर बाईला नको ती शस्त्रक्रिया सोसावी लागते किंवा हवा तो उपचार मिळत नाही. म्हणून या गाठी कोणत्या आणि त्यांचे निदान कसे होते, हे घरातल्या सर्वांनी समजून घेणे गरजेचे आहे.

दिवसांचा हिशेब आपल्याकडे असतोच

पाळीचे दिवस मोजण्याची सवय मुस्लिम स्त्रीला लहानपणापासून असते. नमाज कधी थांबवायची, गुस्ल करून कधी सुरू करायची, रमजानचे किती रोजे राहिले, हे सगळे त्या दिवसांवर अवलंबून असते. हनफी फिकहनुसार पाळीची मुदत कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त दहा दिवस मानली जाते. कोकणातील आपली बहुतेक कुटुंबे शाफई आहेत. त्यांच्याकडे ही कमाल मुदत पंधरा दिवसांची आहे. त्यापुढे जाणारे रक्त हैज न राहता इस्तिहाजा ठरते आणि त्यात नमाज-रोजा सुटत नाही.

हदीसमध्ये हजरत फातिमा बिन्त अबी हुबैश (रजि.) यांचा प्रसंग येतो. आपले रक्त थांबतच नाही, तर नमाज सोडून द्यावी का, असे त्यांनी थेट प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले. त्यांना उत्तर मिळाले, ते असे की हे रक्त पाळीचे नसून एका शिरेतून येणारे आहे, म्हणून नमाज सोडू नये. चौदाशे वर्षांपूर्वी एका स्त्रीने हा प्रश्न संकोच न करता विचारला, हे आजच्या लेकी-सुनांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

अडचण येते ती पुढे. रक्त लांबले की आपण आलिमांना किंवा मदरशातल्या आपांना मसला विचारतो. नमाजचा प्रश्न सुटतो आणि आपल्याला वाटते की विषय संपला. पण मसला कळला म्हणजे कारण कळले असे होत नाही. दिवस लांबले, मधल्या काळात डाग पडू लागले, पाळीत रक्ताच्या गुठळ्या पडू लागल्या तर तोच हिशेब वहीत लिहून डॉक्टरांपुढे ठेवावा. किती दिवस, किती पॅड, कोणत्या तारखा, एवढे लिहिलेले असले तरी डॉक्टरांचे निम्मे काम होते.

अंगावरून जास्त जाण्याने रक्त किती कमी होते, याची आपल्याला कल्पना नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला. गर्भवती नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले की तो रक्तक्षय समजतात. जिना चढताना धाप लागणे आणि सारखा थकवा येणे म्हणजे कामचुकारपणा नव्हे. बऱ्याच वेळा ते पिशवीतल्या गाठीचे पहिले लक्षण असते.

या वेगळ्या गाठी कोणत्या?

सर्वांत निरुपद्रवी गाठीपासून सुरुवात करू. लायपोलायोमायोमा या गाठीत स्नायूबरोबर चरबीही असते. ती बहुधा पाळी गेलेल्या स्त्रियांत आढळते. सोनोग्राफीत साधा फायब्रॉइड काळपट दिसतो, तर चरबीमुळे ही पांढरीशुभ्र चमकते. एमआरआयमध्ये चरबी स्पष्ट ओळखता येते आणि शंका मिटते. त्रास नसेल तर सहसा तिला हातही लावावा लागत नाही. पाळी गेल्यावर आलेली गाठ म्हणून अम्मीला किंवा दादीला लगेच शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेण्याआधी हा एक एमआरआय फार उपयोगाचा ठरतो.

अडेनोमॅटॉइड ट्यूमर ही दुसरी गाठ. ती बहुधा दोन सेंटिमीटरहून लहान असते आणि गर्भाशयाच्या बाहेरच्या पृष्ठभागाजवळ सापडते. ती स्नायूपासून होत नाही, गर्भाशयावरील पातळ आवरणाच्या पेशींपासून होते. स्कॅनमध्ये मात्र ती फायब्रॉइडच वाटते. ती नेमकी काय होती हे दुसऱ्या कारणाने केलेल्या शस्त्रक्रियेनंतर, सूक्ष्मदर्शकाखालीच कळते. अनोळखी नाव वाचून घाबरू नये. ती साधी गाठ आहे.

तिसरी गाठ तरुण मुलींची आहे आणि तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. गर्भाशयाच्या स्नायूतच एक पोकळी तयार होते, तिच्या आत गर्भाशयासारखेच अस्तर असते आणि दर महिन्याला त्यात रक्त साठते. हिला सिस्टिक अडेनोमायोमा म्हणतात. पाळी सुरू झाल्यानंतर थोड्याच वर्षांत मुलीला असह्य वेदना सुरू होतात आणि नेहमीच्या गोळ्यांचा उपयोग होत नाही. कधी कधी हा गर्भाशयाच्या रचनेतील जन्मजात दोष आहे असा समज होतो. एमआरआयने फरक कळू शकतो. तेवढीच गाठ दुर्बिणीने काढल्यावर बहुतेक मुलींची वेदना कमी होते. “पाळीत पोट दुखतेच, लग्न झाल्यावर थांबेल,” हे वाक्य आपल्या घरांत फार सहज बोलले जाते. मुलगी दर महिन्याला शाळा-कॉलेज बुडवून कण्हत पडत असेल तर तिला लग्नाचा नव्हे, तपासणीचा सल्ला द्यायला हवा.

चौथी गाठ म्हणजे ॲटिपिकल पॉलिपॉइड अडेनोमायोमा. ती गर्भाशयाच्या आतल्या पोकळीत मोडासारखी वाढते. बहुधा चाळिशीच्या आसपास आणि कधी मूल न होणाऱ्या तरुण स्त्रीत सापडते. पाळी अनियमित होते, रक्त जास्त जाते. क्युरेटिंग केल्यावर जे तुकडे तपासणीला जातात त्यांत ग्रंथी आणि स्नायू एकमेकांत मिसळलेले दिसतात. त्यामुळे कर्करोग स्नायूत शिरला आहे असा चुकीचा अर्थ लागू शकतो. निदान बरोबर झाले आणि स्त्रीला मूल हवे असेल, तर दुर्बिणीतून ही गाठ काढून पिशवी वाचवता येते. मात्र ती पुन्हा होऊ शकते आणि थोड्या स्त्रियांत तिच्यासोबत किंवा नंतर अस्तराचा कर्करोगही आढळतो. म्हणून वारंवार तपासणी टाळता येत नाही.

साधी असूनही दूर जाणाऱ्या गाठी

साधी गाठ आपल्या जागी राहते, असा सर्वसाधारण नियम. दोन गाठी हा नियम मोडतात.

पहिली आहे इंट्राव्हीनस लायोमायोमॅटोसिस. १८९६ साली बर्च-हिर्शफेल्ड या जर्मन पॅथॉलॉजिस्टने तिचे वर्णन केले. यात साध्या स्नायूपेशी गर्भाशयाच्या शिरांच्या आत शिरतात आणि वेलीसारख्या वर चढत जातात. कधी पोटातल्या मोठ्या शिरेतून त्या थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत पोहोचतात. अशा स्त्रीला धाप लागते, पायांना सूज येते, एकाएकी चक्कर येऊन ती पडते. ती हृदयविकाराच्या डॉक्टरांकडे जाते आणि तिथे रक्ताची गुठळी किंवा हृदयातील गाठ असावी असे वाटते. तिला पूर्वी फायब्रॉइड होता किंवा त्याची शस्त्रक्रिया झाली होती, हे कोणी सांगितले तरच धागा जुळतो.

दुसरी आहे बिनाइन मेटास्टसायझिंग लायोमायोमा. स्टायनर यांनी १९३९ मध्ये तिचे वर्णन केले. फायब्रॉइडची किंवा पिशवीची शस्त्रक्रिया झाल्यावर काही वर्षांनी छातीच्या एक्स-रेत किंवा सीटी स्कॅनमध्ये फुफ्फुसात छोट्या गोल गाठी दिसतात. कर्करोग पसरला, असेच कोणालाही वाटेल. सुईने तुकडा घेऊन तपासला की गर्भाशयातल्या स्नायूसारख्याच साध्या पेशी सापडतात. त्या बहुधा संथ वाढतात आणि पुष्कळदा स्त्री-संप्रेरकांवर पोसल्या जातात, म्हणून संप्रेरके रोखणाऱ्या औषधांचा उपयोग होऊ शकतो. इथेही सारे अडते ते जुन्या कागदावर. दहा वर्षांपूर्वी काढलेल्या गाठीचा तपासणी अहवाल हाती असेल तर आजच्या डॉक्टरांना मोठा आधार मिळतो. तो हरवला असेल तर त्यांना अंधारात चाचपडावे लागते.

कुटुंबाशी नाते असलेली गाठ

आणखी एक प्रकार फक्त एका स्त्रीचा नसतो, साऱ्या घराण्याचा असतो. आपल्या पेशींत एफएच नावाचे एक जनुक आहे. त्यात जन्मजात दोष असेल तर स्त्रीला विशी-तिशीतच मोठे आणि अनेक फायब्रॉइड होतात. तिच्या किंवा तिच्या भावंडांच्या हातावर, पाठीवर, छातीवर लहान कडक पुटकुळ्या येतात, त्या थंडीत किंवा दाबल्यावर दुखतात. गर्भाशयातील या गाठी साध्या असतात. परंतु या घराण्यातील काही जणांना, पुरुषांनासुद्धा, मूत्रपिंडाचा एक आक्रमक कर्करोग कमी वयात होतो. दोष असलेल्या आई किंवा वडिलांकडून तो प्रत्येक अपत्यात जाण्याची शक्यता ५० टक्के असते.

काढलेल्या गाठीच्या काचा पाहताना जाणकार पॅथॉलॉजिस्टला काही खुणा दिसतात आणि तो ‘एफएचची तपासणी करावी’ असे अहवालात लिहितो. ही ओळ बहुधा कोणी वाचत नाही, कारण तोवर टाके निघालेले असतात. ती वाचली आणि पुढची तपासणी केली, तर भावा-बहिणींच्या मूत्रपिंडाची नियमित तपासणी सुरू करता येते आणि एखाद्याचा जीव वाचू शकतो. अशा घराण्यात जवळच्या नात्यात निकाह ठरत असेल तर आधी जनुकतज्ज्ञांचा सल्ला जरूर घ्यावा. दोघांतही हाच दोष असेल तर बाळाला दोन्हीकडून तो मिळून मेंदूचा गंभीर आजार होऊ शकतो.

निदानाच्या पायऱ्या

पहिली पायरी म्हणजे विचारपूस, पोटाची तपासणी, हिमोग्लोबिन आणि गर्भधारणा नाही ना याची चाचणी. त्यानंतर सोनोग्राफी. विवाहित स्त्रीची सोनोग्राफी योनिमार्गातून केली की गर्भाशय जवळून दिसते. अविवाहित मुलीची पोटावरून करतात, त्यासाठी भरपूर पाणी पिऊन लघवी रोखून धरावी लागते. रमजानमध्ये ही अडचण येते. तातडी नसेल तर इफ्तारनंतरची किंवा रोजा नसलेल्या दिवसाची वेळ मागून घ्यावी. डॉक्टरांनी तातडीचे सांगितले असेल तर मात्र ईदपर्यंत थांबू नये.

सोनोग्राफीने गाठ आहे की नाही, कुठे आहे, किती मोठी आहे हे कळते. ती कोणत्या जातीची आहे हे पुष्कळदा कळत नाही. गाठ वेगळी दिसत असेल, पाळी गेल्यानंतर वाढत असेल किंवा मुलीची वेदना न सुटणारी असेल, तर एमआरआय करावा. त्यात चरबी, रक्त, पाणी आणि स्नायू वेगवेगळे ओळखता येतात.

रक्तस्राव आतल्या अस्तरातून होत असल्याचा संशय असेल तर अस्तराचा तुकडा घेतात. बारीक नळीने तो बाह्यरुग्ण विभागातही घेता येतो. हिस्टेरोस्कोपी केली तर दुर्बिणीतून प्रत्यक्ष पाहून तुकडा घेता येतो. पण तुकड्यालाही मर्यादा आहे. एंडोमेट्रियल स्ट्रोमल नोड्यूल नावाची साधी गाठ आणि त्याच पेशींचा कर्करोग सूक्ष्मदर्शकाखाली अगदी सारखे दिसतात. फरक असतो तो गाठीच्या कडेला. कड सलग असेल तर गाठ साधी, पेशी आजूबाजूच्या स्नायूत आणि शिरांत घुसल्या असतील तर कर्करोग. ही कड तुकड्यात येत नाही, संपूर्ण गाठ पाहावी लागते. म्हणून ‘बायोप्सी केली तरी डॉक्टर नक्की का सांगत नाहीत?’ अशी तक्रार करण्याआधी हे कारण विचारून घ्यावे.

अखेरचा शब्द पॅथॉलॉजिस्टचा. काढलेली गाठ फॉर्मेलिनमध्ये ठेवतात, तिचे काप घेतात, ते मेणाच्या ठोकळ्यात बसवतात आणि त्यांचे केसाहून पातळ थर काचेवर घेऊन रंगवतात. पेशींचे रूप किती बिघडले आहे, त्या किती वेगाने विभागत आहेत आणि गाठीचा काही भाग मेला आहे का, या तीन गोष्टी मुख्यतः पाहिल्या जातात. त्यानेही उलगडा झाला नाही तर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणजे विशिष्ट प्रथिने रंगवून दाखवणारी तपासणी करतात. गाठ स्नायूची की आवरणाची, हे त्यातून कळते.

‘पिशवी काढा’ म्हटले तर

२०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचे उघड झाले आणि राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. पुढे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याच्या मार्गदर्शक सूचना सर्व राज्यांनी लागू कराव्यात असा आदेश दिला. प्रश्न फक्त ऊसतोड स्त्रियांचा नाही. ‘मुले झाली, आता पिशवीचे काम काय?’ असे आपल्या घरांतही म्हटले जाते. पिशवीबरोबर बीजाशयेही लवकर काढली तर हाडे ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. काही वेळा पिशवी काढणे खरोखरच आवश्यक असते. पण निर्णयाआधी हे प्रश्न विचारण्याचा आपल्याला हक्क आहे :

• ही गाठ फायब्रॉइडच आहे असे कशावरून? एमआरआय किंवा बायोप्सीची गरज आहे का?

• औषधांनी किंवा फक्त गाठ काढून भागेल का?

• बीजाशये ठेवणार की काढणार? काढणार तर का?

• दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत गाठीचे तुकडे यंत्राने करणार असाल तर ते बंद पिशवीत करणार का? (उघड्यावर तुकडे केल्यास साध्या गाठीचे कणही पोटात रुजू शकतात, आणि लपलेला कर्करोग असल्यास तो पसरतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१४ मध्ये याबाबत इशारा दिला होता.)

• काढलेली गाठ तपासणीला कोठे पाठवणार आणि अहवाल कधी मिळेल?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. शस्त्रक्रियेनंतर नातेवाइकांना बाटलीतली गाठ दाखवतात, ‘सगळे निघाले’ म्हणतात आणि पुष्कळदा ती तपासणीला जातच नाही. गाठ डोळ्यांनी पाहून तिची जात कळत नाही. अहवाल आल्याशिवाय उपचार पूर्ण झाला असे समजू नका. अहवालात दुर्मीळ नाव आले तर काचा आणि मेणाचे ठोकळे लेखी अर्ज करून मागता येतात आणि दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवता येतात. मुंबईच्या परळ येथील टाटा मेमोरियल रुग्णालयात बाहेरून आलेल्या काचांची फेरतपासणी होते. खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटून कोणती शस्त्रक्रिया योजनेत बसते ते विचारावे.

पर्द्याचा संकोच अनेकींना मागे खेचतो. स्त्री डॉक्टर मिळत असेल तर तिच्याकडेच जावे. मिळत नसेल तर गरजेपुरती तपासणी पुरुष डॉक्टरांकडून, घरातील व्यक्ती सोबत ठेवून, करून घेण्यास उलमांनी मुभा दिली आहे. शौहर, भाऊ आणि मुलगे यांनीही हा विषय ‘बायकांचा’ म्हणून बाजूला टाकू नये. दवाखान्यात सोबत जाणे, अहवाल सांभाळणे, पैशांची सोय करणे ही त्यांचीही जबाबदारी आहे.

पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा एक थेंब रक्त दिसले, गाठ झपाट्याने वाढू लागली, किंवा फायब्रॉइड असलेल्या बाईला धाप लागून चक्कर आली, तर एकही दिवस वाया न घालवता डॉक्टरांकडे जावे. एरवी घाबरून जाण्याचे कारण नाही. गर्भाशयातील बहुतेक गाठी साध्याच असतात आणि दुर्मीळ गाठींपैकीही पुष्कळ साध्याच निघतात. घरात कागदपत्रांची जी पिशवी असेल, तिच्यात रेशनकार्ड आणि आधारकार्डाबरोबर अम्मीचा, बहिणीचा, सुनेचा तपासणी अहवालही जपून ठेवा. पुढे केव्हा तरी तोच योग्य उपचाराचा रस्ता दाखवील.